वाड्यापलीकडचे निळू फुले

मैलूर हे बिदर शहराला चिकटलेले आमचे गाव. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दख्खनी, अशा तीन भाषांच्या वळचणीला आमचे बालपण गेले. मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे उशिरा पोहोचे आणि मराठी नाटक तर पोहोचतच नसे. मात्र केबलवर सह्याद्री वाहिनी दिसू लागली आणि सुटीच्या दुपारी लागणारे जुने मराठी चित्रपट आमच्या गल्लीत सामुदायिक रीतीने पाहिले जाऊ लागले. त्या दुपारींमधले एक दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पडद्यावर धोतर, टोपी आणि अर्धवट मिटलेले डोळे घेऊन एक माणूस अवतरे आणि खोलीत बसलेल्या बायका नकळत पदर सारखा करीत. कोणी कोणाला काही सांगत नसे. काही क्षण सारी खोली गप्प होई. ती व्यक्ती काचेच्या पलीकडे आहे आणि तो केवळ खेळ आहे, हे सर्वांना ठाऊक असूनही हात पदराकडे जात.

निळू फुले या नटाचे मोठेपण मला प्रथम कळले ते असे. पुढे मराठीची पदवी घेतली, गोव्यात येऊन उपसंपादकाची खुर्ची धरली, नटांवर लिहिलेले पुष्कळ वाचले. परंतु त्या पदर सावरण्याहून नेमके परीक्षण वाचनात आले नाही.

त्यांचे पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३०च्या सुमाराचा, पुण्यातला. लोखंडी सामान आणि भाजी विकून घर चालविणाऱ्या मोठ्या कुटुंबात ते वाढले. वयाच्या सतराव्या वर्षी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून कामाला लागले. महिन्याला ८० रुपये पगार मिळे आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ज्याच्या घरात खाणारी तोंडे अनेक, अशा मुलाने पगाराचा आठवा हिस्सा संघटनेला द्यावा, यातच त्या माणसाची घडण दिसते. स्वतःची रोपवाटिका काढावी हे त्यांचे स्वप्न होते. भांडवलाअभावी ते राहून गेले. ती रोपवाटिका निघाली असती तर मराठी चित्रपटाचे काय झाले असते, हा विचार कधीकधी मनात येतो.

सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना रंगमंचावर आणले. समाजवादी चळवळीतले हे पुणे गोमंतकीयांना परके नाही. १९५५ साली नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखी माणसे याच पुण्यातून गोव्याच्या सत्याग्रहासाठी निघाली होती. त्या वातावरणात शाहिरी, वग आणि लोकनाट्य ही करमणुकीची साधने होतीच, पण गावोगाव विचार नेण्याची वाहनेही होती. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही याच कलापथकाच्या अंगणात वाढले. तिघांच्या वाटा पुढे किती निराळ्या झाल्या! कोंडके लोकांना हसवीत राहिले, नगरकरांनी आपल्या नाभिक घराण्याची कहाणी विनोदाच्या अंगाने सांगितली आणि फुल्यांच्या वाट्याला लोकांनी घाबरावे असे काम आले.

शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर नेले. तेथून दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना चित्रपटात घेतले. १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातला झेलेअण्णा ही त्यांची पहिली भूमिका. त्या वेळी त्यांची तिशी उलटून गेली होती. चेहरा देखणा नव्हता, आवाज घोगरा होता, बांधा साधा होता. नायकाला लागणारे त्यांच्यापाशी काहीच नव्हते आणि खलनायकाला त्या काळी जे लागत असे, ते वटारलेले डोळे आणि गडगडाटी हास्यही नव्हते.

त्यांनी खलनायकाचा आवाज खाली आणला, आणि माझ्या मते मराठी पडद्याला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला ओरडण्याची गरज पडत नाही, हे साधे सत्य त्यांनी ओळखले होते. ते शब्द लांबवीत, मध्येच थांबत, मान किंचित तिरकी करून समोरच्याला न्याहाळीत आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून वाक्य अर्धेच सोडून देत. उरलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा होऊन पूर्ण होई. खेड्यातला सरपंच, पाटील, सावकार, पतपेढीचा अध्यक्ष असाच बोलतो. आमच्या बिदर भागातही साखर कारखान्यांचे राजकारण आहे. अशा माणसांची बोलण्याची ढब आम्ही भाषा बदलून पण त्याच संथ लयीत ऐकलेली होती. म्हणूनच महाराष्ट्राच्या खेड्यासाठी रचलेली ही पात्रे सीमेपलीकडच्या मैलुरातही ओळखीची वाटत. पदर सावरणाऱ्या त्या बायका बहुधा पडद्यावरच्या माणसाला पाहतच नव्हत्या. गावातल्या कोणाची तरी त्यांना आठवण येत असावी.

या यशाची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली, हे चाहत्यानेही मान्य केले पाहिजे. पुढच्या काळात निर्मात्यांनी त्यांना एकाच साच्यात ओतण्याचा सपाटा लावला. गरीब घर, देखणी सून किंवा मुलगी आणि तिच्यावर नजर ठेवणारा गावचा बडा माणूस, हे समीकरण इतक्या वेळा वापरले गेले की त्यातले कित्येक चित्रपट आज बघवत नाहीत. स्त्रीवरील अत्याचार हा तेथे कथानक पुढे ढकलण्याचा स्वस्त दट्ट्या झाला होता. अशा चित्रपटांतही फुले आपले काम चोख करीत, पण चोख काम केल्याने चित्रपटाचा उथळपणा झाकला जात नाही. आज समाजमाध्यमांवर वाड्यावर बोलावण्याचे एक वाक्य त्यांच्या नावावर फिरत असते. नव्या पिढीतल्या अनेकांना निळू फुले एवढेच ठाऊक आहेत. एका थोर नटाचे असे चिंधीएवढे स्मारक व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दहशत उभी करणाऱ्या अभिनयाचे रूपांतर टवाळीत झाले, यात नुकसान नटाचे झाले आणि त्या दहशतीखाली जगलेल्या बायकांचेही झाले.

ज्यांना त्यांचे खरे बळ पाहायचे आहे त्यांनी ‘सामना’ पाहावा. १९७५चा हा चित्रपट. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि जब्बार पटेल यांचे चित्रपट दिग्दर्शनातले पहिले पाऊल. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी तो निवडला गेला होता. साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि दारूत बुडालेला, एके काळचा ध्येयवादी मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. रस्त्यावर सापडलेल्या या मास्तरला हिंदुराव घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य कौतुकाने दाखवितो. मास्तरला गावात एका नाहीशा झालेल्या माणसाचे, मारुती कांबळेचे नाव कळते आणि त्याचे पुढे काय झाले हे तो विचारू लागतो. सारा चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे.

येथे फुल्यांनी जे केले आहे ते वारंवार पाहूनही पुरते उलगडत नाही. हिंदुरावाचे मास्तरवर प्रेम आहे आणि ते नाटकी नाही. सगळे ज्याच्यापुढे वाकतात त्या माणसाला न वाकणारा एक म्हातारा सापडला आहे, त्याच्याशी बोलण्यात त्याला सुख वाटते. त्याच वेळी या म्हाताऱ्याचा बंदोबस्त कसा करावा याचे गणितही डोक्यात चालू आहे. स्नेह आणि हिशेब ही दोन्ही एकाच नजरेत दिसतात आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडलेले नाही. आपण उभ्या केलेल्या विकासाचा त्याला खराखुरा अभिमान आहे. त्या विकासाच्या पायात कोणी गाडला गेला असेल तर ते त्याला व्यवहाराला धरूनच वाटते. त्या एका प्रश्नापुढे हा डोलारा ढासळू लागतो तेव्हा प्रेक्षकाला आनंद होत नाही. एका कर्तबगार माणसाचा पाडाव पाहिल्याची खिन्नता वाटते, आणि अशी खिन्नता आपल्याला वाटावी याची थोडी लाजही वाटते.

रंगभूमीवरचा त्यांचा ‘सखाराम बाइंडर’ पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीला नाही. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे हे नाटक आणले. टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या नियमांनी नांदविणारा सखाराम फुल्यांनी उभा केला आणि लालन सारंग यांनी चंपा. नाटकावर अश्लीलतेचा ठपका आला, प्रयोग थांबले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. लोकनाट्यातून आलेल्या नटाने पांढरपेशा प्रेक्षकांच्या नाट्यगृहात जाऊन एवढे वादळ उठवावे, ही त्या काळच्या मराठी रंगभूमीतली साधी घटना नव्हे.

आणि याच नटाने जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये अप्पाजींची भूमिका केली. दळवी आरवलीचे, म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे शेजारी. स्वातंत्र्यलढ्यात तावून निघालेला म्हातारा आणि सत्तेच्या खुर्चीवर बसून भ्रष्ट झालेला त्याचा मुलगा, असा तो संघर्ष आहे. वाड्यातल्या खलपुरुषाच्या भूमिका करून दमलेल्या फुल्यांना येथे स्वतःच्या जवळचा माणूस सापडला असावा. कारण पडद्यामागचे निळू फुले असेच होते. निर्व्यसनी नायक पडद्यावर रंगविणारे नट पुष्कळ होऊन गेले, पण सारा जन्म दुष्टाचे सोंग घेऊन प्रत्यक्षात समाजवादी कार्यकर्त्याचे साधे जिणे जगणारा नट विरळा. डॉ. लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामाला वाहून घेतले. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आधार मिळावा म्हणून नामवंत नटांच्या संचात अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले, त्यात तेही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशी त्यांचे नाते अखेरपर्यंत होते.

हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ वगैरे चित्रपटांत ते दिसले. त्यांत ‘सारांश’मधला राजकारणी गजानन चित्रे तेवढा लक्षात राहण्याजोगा. बाकीच्या भूमिकांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरच्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ या चित्रपटात ते अखेरच्या काळात दिसले आणि १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

माझी सर्वांत आवडती भूमिका मात्र मी मुद्दाम मागे ठेवली आहे, आणि ती आवडण्यात माझा धंदा आडवा येतो हे कबूल केलेले बरे. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये फुले पत्रकार झाले आहेत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्री अरुण सरनाईक आहेत, त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री डॉ. लागू आहेत आणि या दोघांच्या मध्ये खांद्याला झोळी लावून हिंडणारा दिगू टिपणीस आहे. दिगूला सर्व ठाऊक असते. कोण कोणाला विकत घेतो आहे, कोण उद्या फुटणार आहे, संपामागे कोणाचा हात आहे, हे तो जाणतो. तरीही त्याच्या जाणण्याने काहीच बदलत नाही. तेच घोगरे बोलणे, तीच तिरकी मान. पण येथे त्यांतली सत्ता काढून घेतलेली आहे आणि नुसता थकवा उरला आहे. दहशतीसाठी जी साधने त्यांनी कमावली होती तीच त्यांनी येथे हतबलतेसाठी वापरली.

आमच्या वृत्तकक्षात रात्रपाळीला, शेवटचे पान सोडल्यावर, मला पुष्कळदा दिगू आठवतो. मंत्रिमंडळाची उलथापालथ झाली, कोणी या पक्षातून त्या पक्षात गेला, की मथळा लावताना तोच हसरा, दमलेला चेहरा पुढे येतो. चित्रपटाच्या अखेरीस सारा डाव मांडला जाऊन पुन्हा पहिल्याच ठिकाणी आलेला असतो आणि दिगूला रस्त्यात हसू फुटते. ते हसू थांबत नाही. हसणे कोठे संपते आणि वेड कोठे सुरू होते ते कळत नाही, आणि शेजारच्या भिकाऱ्याखेरीज त्याच्याकडे कोणी पाहतही नसते.

मागच्या सुटीत मैलूरला गेलो असता घरी ‘सिंहासन’ लावला होता. गल्लीतल्या त्या वेळच्या काकू आता पुष्कळ थकल्या आहेत, त्याही येऊन बसल्या. दिगू पडद्यावर आला तेव्हा सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला. मग थोड्या वेळाने तो तसाच मांडीवर येऊन पडला आणि त्यांनी मला विचारले की या बिचाऱ्याला घरी जेवायला वाढणारे कोणी नाही का.