विश्लेषण : करवसुलीचा लिलाव, त्र्यंबकजी डेंगळे आणि पेशवाईचा शेवट… एका मक्त्याचे प्रकरण इतके का पेटले?

जळगावहून भुसावळकडे निघाले, की नशिराबादजवळ टोलनाका लागतो. फास्टॅग वाचला जातो, दांडा वर होतो आणि गाडी पुढे जाते. महामार्ग सरकारचा, पण देशातील बहुतेक नाक्यांवर वसुली करणारी माणसे ठेकेदाराची असतात. सरकारचे येणे गोळा करण्याचा हक्क बोली लावून घेणे, ही पद्धत नवी नाही. दोनशे वर्षांपूर्वी नाकाच काय, अख्खे परगणे अशा बोलीवर जात. त्या काळातले सर्वात गाजलेले नाव म्हणजे त्र्यंबकजी डेंगळे. त्याची कारकीर्द मक्त्यांच्या राज्यात फुलली आणि एका मक्त्याच्या वादातच संपली.

मक्ता म्हणजे नेमके काय?

सरकारला पैसा आधी हवा असतो, रयतेकडून तो यायला मात्र वेळ लागतो. अशा वेळी एखादा सावकार किंवा दरबारी माणूस पुढे येतो आणि ठरावीक रक्कम भरण्याची हमी देतो. त्या बदल्यात वसुलीचा हक्क त्याला मिळतो. यालाच मक्ता किंवा इजारा म्हणत. समजा, एका परगण्याची बोली एक लाखाला गेली. मक्तेदाराने सव्वा लाख गोळा केले, तर वरचे पंचवीस हजार त्याचे. पीक बुडाले तरी त्याला लाख भरावेच लागत, म्हणून सूट देणे त्याला परवडत नसे. मुदत संपल्यावर परगणा दुसऱ्याकडे जाणार, हेही त्याला माहीत असे. मग विहिरी, बंधारे, ओसाड पडलेली शेते यांची काळजी कोण करणार?

बायबलमधील जकातदार कोण?

रोमन साम्राज्यात हीच पद्धत होती. इ.स.पूर्व १२३ मध्ये गायस ग्राकस याने आशिया प्रांताच्या करवसुलीचा लिलाव रोममध्ये करण्याचा कायदा केला. हे मक्ते घेणाऱ्यांना लॅटिनमध्ये पब्लिकानी म्हणत. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये नाक्यावरच्या वसुलदारासाठी पब्लिकन हा शब्द आला, मराठी बायबलमध्ये जकातदार. येशूचा शिष्य मत्तय हा कफर्णहूमचा जकातदार होता. यरीहोचा जक्कय तर मुख्य जकातदार. ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करण्याची तयारी त्याने दाखवली, अशी कथा आहे. लोक या मंडळींना पापी माणसांच्या रांगेत बसवत. पुढे इंग्रजीत पब्लिकन या शब्दाला दारूचा गुत्ता चालवणारा असा दुसरा अर्थ चिकटला. हे दोन अर्थ वरवर दूरचे वाटतात, पण खानदेशात ते एकाच माणसात एकत्र आले. ते पुढे पाहू.

जासूद कारभारी कसा झाला?

त्र्यंबकजी संगमनेरजवळच्या निमगाव जाळीच्या पाटील घराण्यातला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी तो साधा जासूद होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव कोकणात महाडला पळाला. त्या धामधुमीत पुण्याहून महाडला पत्र पोहोचवून त्याचे उत्तर त्र्यंबकजीने अतिशय थोड्या वेळात परत आणले. बाजीरावाच्या नजरेत तो भरला, तो कायमचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो पेशव्याचा सर्वात विश्वासू माणूस झाला. सांगितलेले काम कसेही करून तडीस नेणारा, अशी त्याची ख्याती होती आणि धास्तीही.

बाजीरावाचा कारभार लिलावावर का गेला?

आधीच्या पेशव्यांच्या काळात मामलतदार बहुधा वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहत आणि त्यांच्या हिशेबांची तपासणी होई. बाजीरावाच्या काळात ही चौकट मोडली. मामलती दरबारातल्या माणसांमध्ये बोलीवर जाऊ लागल्या. बोली लावायला कचरणाऱ्यावर पेशव्याची खप्पामर्जी होई. मोठा मक्तेदार आपला मुलूख तुकड्यांनी पोटमक्तेदारांना देई, ते पुढे गावागावाला. प्रत्येक पायरीवर नफा काढला जाई आणि तो शेवटी कुणब्याच्या खळ्यातूनच येई. तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध करायची तोच न्याय देणारा. पेशव्याच्या खजिन्यात पैसा साचत गेला, गावे मात्र उजाड होत गेली.

याचा दोष एकट्या त्र्यंबकजीवर टाकता येणार नाही. मक्ते त्याच्या आधीपासून होते आणि शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या मुलखातही होते. पण बाजीरावाच्या दरबारात या पद्धतीचा चेहरा तो झाला.

अहमदाबादच्या मक्त्याचे प्रकरण काय होते?

गुजरातमध्ये अहमदाबादच्या महसुलात पेशव्यांचा वाटा होता. तो गायकवाडांकडे मक्त्याने होता. १८०४ मध्ये हा मक्ता दहा वर्षांसाठी, सालाना साडेचार लाख रुपयांवर नव्याने ठरला. १८१४ मध्ये मुदत संपली. बाजीरावाने नूतनीकरणास नकार दिला आणि अहमदाबादचा कारभार त्र्यंबकजीकडे सोपवला. गुजरातेत पाय रोवण्याची ही संधी होती. गायकवाडांची आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या इंग्रजांची अडचण नेमकी तीच होती.

मक्ता आणि जुने हिशेब मिटवण्यासाठी गायकवाडांनी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांना पुण्याला पाठवले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातून परतताना शास्त्रींचा खून झाला. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्र्यंबकजीला जबाबदार धरले. न्यायालयात खटला मात्र कधीच उभा राहिला नाही. त्यामुळे तो दोषी होता का, हा वाद इतिहासकारांमध्ये अजून आहे. बाजीरावाने बरीच टाळाटाळ केली आणि अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला इंग्रजांच्या हवाली केले.

ठाण्याच्या किल्ल्यातून सुटका कशी झाली?

ठाण्याच्या किल्ल्यात त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा होता. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठी मोतद्दाराने खिडकीखाली घोडा फिरवताना गाणी म्हणत निरोप पोहोचवले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी भिंतीला पाडलेल्या भगदाडातून निसटला.

खानदेशाशी संबंध काय?

सुटल्यावर तो नाशिक, संगमनेर आणि खानदेशच्या डोंगरांत वावरला. भिल्ल, रामोशी आणि बेकार झालेले घोडेस्वार त्याच्याभोवती जमले. खानदेश तेव्हा खंगलेला होता. होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि वर मक्तेदारांचा तगादा. पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यात वाटल्या गेलेल्या या मुलखात कुणब्याचे गऱ्हाणे ऐकणारा एक धनी नव्हता. अशा ठिकाणी बंडाला माणसे मिळणे कठीण नसते.

एल्फिन्स्टनने मे १८१७ मध्ये त्र्यंबकजीला महिनाभरात हवाली करण्याची मागणी केली आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण मागितले. जूनमध्ये बाजीरावाला पुण्याचा तह स्वीकारावा लागला. मराठा संघाचे प्रमुखपद त्याने सोडले, मोठा मुलूख दिला. त्या तहातले एक कलम लक्षात घेण्यासारखे आहे. अहमदाबादचा मक्ता गायकवाडांना कायमचा मिळाला आणि रक्कम ठरली तीच, सालाना साडेचार लाख.

पाच महिन्यांनी खडकीची लढाई झाली. फरारी बाजीरावाला येऊन मिळालेला त्र्यंबकजी बराच काळ त्याच्यासोबत हिंडला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव बऱ्हाणपूरपलीकडे अशीरगडाजवळ जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालाना आठ लाखांचे पेन्शन आणि बिठूरचे वास्तव्य मिळाले. त्र्यंबकजीला काहीच मिळाले नाही. त्याच महिन्याच्या शेवटी तो नाशिकजवळच्या अहेरगावात पकडला गेला. त्याची रवानगी गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. १८२४ मध्ये बिशप हेबर यांनी त्याला तिथे पाहिले. १८२९ मध्ये तो कैदेतच मरण पावला.

मग मक्तेदारी संपली का?

जमीनमहसुलापुरती संपली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या देखरेखीखाली पगारी मामलतदार नेमले गेले. जळगाव तालुका पुढे बराच काळ नशिराबाद तालुका या नावाने ओळखला जाई, तो याच नव्या व्यवस्थेत.

पण ज्या कंपनी सरकारने बाजीरावाच्या लिलावांना नावे ठेवली, तिने दारूचा लिलाव चालूच ठेवला. दारू विकण्याचा हक्क बोलीवर जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि ती गुत्त्यावर बसून पिणाऱ्यांकडून वसूल करी. म्हणजे गुत्तेवालाच करवसुलदार, पब्लिकन शब्दाचे दोन्ही अर्थ एका गादीवर. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतरही मक्ते राहिले. महुआची दारू घरी गाळणारा भिल्ल गुन्हेगार ठरला आणि तीच दारू त्याला मक्तेदाराकडून विकत घ्यावी लागली.

आज फरक कुठे आहे?

टोलचा दर आज आधी जाहीर होतो, त्याची पावती मिळते आणि जादा घेतल्यास तक्रारीची सोय असते. कुणब्याकडे यापैकी काहीच नव्हते. वसुली खासगी माणसाने केली म्हणजे ती जुलमीच, असे नाही. दर कोण ठरवतो, हिशेब कोण तपासतो आणि गाऱ्हाणे कोण ऐकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मक्तेदाराच्याच हाती गेली की जुलूम सुरू होतो. बाजीरावाच्या राज्यात ती तशी गेली होती. साडेचार लाखांचा मक्ता हे युद्धाचे एकमेव कारण नव्हते, पण संकटाच्या वेळी रयत त्या राज्यामागे उभी राहिली नाही, याचे एक मोठे कारण या लिलावांत सापडते.