स्वतः गेला, पण हजारो प्रवाशांचा जीव वाचवणारा धडा देऊन गेला : टेस्ट पायलट माईक लिथगो

२० ऑगस्ट १९६३. इंग्लंडमधल्या हर्न विमानतळावरून एक नवंकोरं जेट पहिल्यांदा हवेत झेपावलं. नाव, बीएसी वन-इलेव्हन. कॉकपिटमध्ये जॉक ब्राइस आणि माईक लिथगो होते. त्यानंतर दोन महिने आणि दोन दिवसांनी लिथगो या जगात नव्हता.

हा लिथगो कोण?

जन्म १९२० चा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाचा वैमानिक होता. युद्धानंतर सुपरमरिन कंपनीत टेस्ट पायलट झाला. सप्टेंबर १९५३ मध्ये लिबियात त्याने स्विफ्ट हे लढाऊ विमान ताशी सुमारे ११८४ किलोमीटर वेगाने उडवलं आणि जागतिक विक्रम केला. काही दिवसांतच अमेरिकेने तो मोडला, पण लिथगोचं नाव झालं होतं.

दहा वर्षांनी त्याच्याकडे जवळच्या शहरांमध्ये फिरणारं प्रवासी जेट आलं. वन-इलेव्हनची दोन्ही इंजिनं मागे होती, तर शेपटीचे आडवे पंख सगळ्यात वर, इंग्रजी 'टी'सारखे. गडबड इथेच होती.

विमानाचा वेग कमी झाला आणि नाक फार वर गेलं की पंखांना उचल मिळत नाही. याला स्टॉल म्हणतात. अशा वेळी पायलट शेपटीच्या मदतीने नाक खाली आणतो. पण 'टी' शेपटीच्या विमानात पंखांमागची विस्कटलेली हवा नेमकी शेपटीवरच येते. मग पायलटने कितीही जोर लावला तरी नाक खाली येत नाही. हाच तो 'डीप स्टॉल'.

२२ ऑक्टोबर १९६३ ला स्टॉलचीच चाचणी सुरू होती. विमान डीप स्टॉलमध्ये अडकलं आणि जवळपास आडवंच खाली येत विल्टशायरमधल्या चिकलेडजवळ कोसळलं. लिथगोसह सातही जण गेले. तो ४३ वर्षांचा होता.

त्यानंतर वन-इलेव्हनच्या पंखांची पुढची कड बदलली, शेपटीला जास्त ताकद दिली. स्टॉल जवळ आला की पायलटच्या हातातला दांडा थरथरवणारी आणि वेळ पडली तर तो आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा बसवली.

एप्रिल १९६५ मध्ये हे विमान प्रवाशांच्या सेवेत आलं. पुढे अशी २४० हून जास्त विमानं बनली आणि अनेक दशकं उडाली.

आज आपल्या छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानांचीही शेपटी 'टी'सारखी असते. आणि तो दांडा पुढे ढकलणारी यंत्रणा त्यांच्यातही असते.