आयुष्यभर गोड थापांवर पिक्चर काढणाऱ्या हृषीदांनी शेवटचा पिक्चरही थापेवरच काढला

१९९८ साल. थेटरात ‘कुछ कुछ होता है’ची हवा होती, ‘सत्या’नं मुंबईचं अंडरवर्ल्ड पडद्यावर आणलं होतं. त्याच वर्षी एक साधासुधा विनोदी पिक्चर आला आणि फारसा गाजावाजा न होता गेलाही. नाव होतं, ‘झूठ बोले कौवा काटे’. हिरो अनिल कपूर, हिरोईन जुही चावला. तिचा कडक शिस्तीचा निवृत्त फौजी बाप म्हणजे अमरीश पुरी आणि आई रीमा लागू. घराण्याचं आडनाव चक्क अभ्यंकर.

प्रेम जमलेलं असतं, पण पोरीचा बाप ऐकणारा नसतो. मग त्याचं मन जिंकायला हिरो खोट्याचा आधार घेतो.

कथा ओळखीची वाटली ना? वाटणारच. कारण दिग्दर्शक होते हृषीकेश मुखर्जी, म्हणजेच सगळ्यांचे हृषीदा. हा त्यांचा शेवटचा पिक्चर ठरला.

हृषीदांचा जन्म ३० सप्टेंबर १९२२ चा, कोलकात्याचा. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये ते एडिटिंगच्या टेबलावर बसले आणि तिथलेच झाले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बिमल रॉय मुंबईत आले, त्यांच्याबरोबर हृषीदाही आले. ‘दो बीघा जमीन’, ‘देवदास’, ‘मधुमती’ या पिक्चरांचं एडिटिंग त्यांनीच केलं.

१९५७ साली त्यांनी पहिला पिक्चर दिग्दर्शित केला, ‘मुसाफिर’. तो काही चालला नाही. दोन वर्षांनी राज कपूरला घेऊन ‘अनाडी’ केला आणि गाडी सुसाट सुटली. त्यातल्या वरून खडूस, आतून मायाळू मिसेस डिसा म्हणजे आपल्या ललिता पवार. या भूमिकेनं त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं.

मराठी माणसं हृषीदांच्या पिक्चरमध्ये कायम दिसत राहिली. ‘आनंद’मधले डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणजे रमेश देव आणि सीमा देव. ‘बावर्ची’त दुर्गा खोटे. ‘गोलमाल’चा हिरो तर थेट अमोल पालेकर.

पण त्यांच्या कारकिर्दीतली खरी गंमत वेगळीच आहे.

१९६९ साली त्यांनी ‘सत्यकाम’ केला. धर्मेंद्रनं साकारलेला त्याचा हिरो काही झालं तरी खोटं बोलत नाही आणि त्याची पुरेपूर किंमत मोजतो. या पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्वतः हृषीदांच्याही तो फार जवळचा होता. पण तिकीटबारीवर पडला. खरं बोलणारा हिरो लोकांना पेलला नाही.

पुढच्या दशकात मात्र त्यांच्या पडद्यावर थापाड्यांची रांग लागली. ‘बावर्ची’तला स्वयंपाकी आपली खरी ओळख लपवतो. ‘चुपके चुपके’त वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर ड्रायव्हर बनून सासुरवाडीत शिरतो. ‘गोलमाल’मध्ये तर एका मिशीपायी जुळा भाऊ जन्माला घातला जातो. १९८५ साली आलेल्या पिक्चरचं नावच ‘झूठी’.

या थापांमध्ये कुणाला लुबाडणं नसायचं. समोर एखादं हट्टी वडीलधारं माणूस असायचं. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला दुखवायचं नाही, पण त्याचा हट्ट तर मोडायचा. मग थाप. शेवटी ती उघडी पडायची आणि तो म्हातारा स्वतःवरच हसायचा. घर फुटायचं नाही. मध्यमवर्गीय घरातलं भांडण असं हसत मिटवता येतं, हे हृषीदांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवलं.

१९८८ च्या ‘नामुमकिन’नंतर मोठा खंड पडला. मधल्या काळात त्यांनी टीव्हीसाठी मालिका केल्या. दहा वर्षांनी, पंचाहत्तरी गाठलेली असताना, ते मोठ्या पडद्यावर परतले. गंभीर काहीतरी करून निरोप घेता आला असता. पण त्यांनी निवडली तीच जुनी, हलकीफुलकी, थापेवर चालणारी प्रेमकथा. नाव होतं मित्र राज कपूरच्या ‘बॉबी’तल्या गाजलेल्या गाण्याचं.

पिक्चर चालला नाही. काळ बदलला होता. आता हिरो-हिरोईन परदेशात गात होते, बापाची समजूत काढण्याची पद्धतही बदलली होती. ‘गोलमाल’ची धारही या पिक्चरला नव्हती, हे मान्यच करायला हवं.

पण एका पडलेल्या पिक्चरवरून कुणी हृषीदांना मोजलं नाही. १९९९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला, २००१ साली पद्मविभूषण मिळालं. २७ ऑगस्ट २००६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

चाळीसहून जास्त पिक्चर त्यांनी दिग्दर्शित केले. आज उत्पल दत्त आणि अमोल पालेकरची क्लिप मोबाईलवर आली, की घरातले तीन पिढ्यांचे लोक एकत्र हसतात. त्यातल्या कित्येकांनी ‘झूठ बोले कौवा काटे’ पाहिलेलाही नसतो. या हसणाऱ्या घरासाठीच हृषीदा पिक्चर काढत होते, अगदी शेवटचासुद्धा.