कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. डोळ्यांना न दिसणारे अन्नातील घटक, मग ते पोषक असोत वा अपायकारक, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

शिक्षण

त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या प्रथम आल्या. तरीही केवळ स्त्री असल्यामुळे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर एक वर्ष काम पाहून निर्णय घेण्याच्या अपमानकारक अटीवर प्रवेश मिळाला. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले व पुढे त्या संस्थेची दारे विद्यार्थिनींना खुली झाली. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतीच्या पेशींतील सायटोक्रोम-सी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली.

कार्य

दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यावर, १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापिका व पुढे, बऱ्याच विलंबाने, संचालक झाल्या. कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे ट्रिप्सिनरोधक घटक असतात. त्यांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा उपयुक्त ठरते, हे त्यांनी दाखविले. या कार्यास राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

ग्राहक चळवळ

मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी अध्यक्षपद भूषविले. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

महत्त्व

सोहोनी यांचे संशोधन थेट ॲलर्जीवर, म्हणजेच अधिहर्षतेवर नव्हते. तथापि सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक प्रथिन हे आज अधिहर्षताजनक मानले जाते. शेंगदाणा, सोयाबीन व इतर कडधान्ये एकाच कुळातील असून त्यांतील काही प्रथिने परस्परसदृश असतात. त्यामुळे एकाची अधिहर्षता असणाऱ्यास दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तीला पाकिटातील पदार्थात काय मिसळले आहे हे ठाऊक असणे जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते. भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादी घटकांचा वेष्टनावर स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक आहे. आपल्या अन्नात काय आहे हे जाणण्याचा ग्राहकाचा हा अधिकार सोहोनी यांच्या उत्तरायुष्यातील कार्याचाही गाभा होता.