जुन्या डब्यात ओतलेले पिस्टन

पॉकेटमनी वाचवून पार्किंगमध्येच बाईकच्या फोर्कला स्प्रे मारणाऱ्या होस्टेलच्या पब्लिकसाठी हे लिहितोय. बर्ट मन्रो 1899 साली न्यूझीलंडमध्ये जन्मला. 1920 मध्ये त्याने 600 सीसीची इंडियन स्काउट घेतली. (इंडियन म्हणजे आपली नव्हे, अमेरिकन कंपनी!) टॉप स्पीड ताशी जेमतेम 55 मैल. हा स्वतः बाईक विकणारा सेल्समन. दिवसा नोकरी, रात्री इन्व्हरकार्गिलच्या शेडमध्ये खटपट. जुन्या डब्यांत धातू ओतून पार्ट घरीच बनवायचा, पिस्टनसुद्धा. मायक्रोमीटर कसला, तर चाकाचा जुना स्पोक! आपल्या वर्कशॉपच्या सरांनी जर्नलच फाडलं असतं. तुटलेले पार्ट मात्र त्याने फळीवर मांडून ठेवले, वेगाच्या देवाला नैवेद्य म्हणून.

अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. 1967 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तीच गाडी 950 सीसीची करून त्याने 1000 सीसीखालच्या गटात विक्रम केला. नोंद झाली ताशी 183.59 मैल. पुढे त्याच्या मुलाला त्या सरासरीच्या गणितात चूक सापडली आणि 2014 मध्ये आकडा 184.087 झाला. बर्ट 1978 मध्येच गेला होता.