विश्लेषण : साखर बंद, वाइन सुरू! १६० वर्षांपूर्वी २१ किलो वजन घटवणारे विल्यम बँटिंग कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे उसाचे आणि साखरेचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे नाव राज्यभर पोहोचले. इथे उसाच्या रसापासून साखर तयार होते आणि साखर काढून उरलेल्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल. म्हणजे एकाच उसाची ही दोन रूपे. वजन कमी करायचे ठरवले की यातली साखर सोडायची हे बहुतेकांना पटते. प्रश्न येतो तो दुसऱ्या रूपाचा. डाएट सुरू असताना एखादा ग्लास वाइन चालेल का?

हा प्रश्न आजचा वाटत असला तरी त्यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग १८६२ सालचा आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी साखर, ब्रेड, बटाटा आणि बिअर सोडली. वाइन मात्र रोज घेतली आणि तरीही वर्षभरात सुमारे २१ किलो वजन घटवले. ते डॉक्टर नव्हते, पैलवान नव्हते. त्यांचा व्यवसाय होता अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा. त्यांच्या आयुष्याची ही गोष्ट आणि आज तिच्यातून काय घ्यावे, काय घेऊ नये, ते जाणून घेऊया.

विल्यम बँटिंग कोण होते?

बँटिंग यांचा जन्म १७९६ मधला, लंडनचा. त्यांच्या घराण्याची सेंट जेम्स स्ट्रीटवर पेढी होती. फर्निचर आणि गृहसजावटीबरोबरच बड्या घरांतील अंत्यविधींची व्यवस्था ही पेढी करत असे. ब्रिटिश राजघराण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. १८२० मध्ये राजे तिसरे जॉर्ज, १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था याच पेढीने केली. वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठी फौजांसमोर उभा ठाकलेला आर्थर वेलस्ली.

थोडक्यात, पैसा, प्रतिष्ठा, चांगले डॉक्टर असे सगळे बँटिंग यांच्या हाताशी होते. हाताबाहेर गेले होते ते फक्त वजन.

वजन किती होते आणि त्रास काय होता?

ऑगस्ट १८६२ मध्ये ६५ वर्षांच्या बँटिंग यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो होते. उंची ५ फूट ५ इंच. आजच्या हिशेबाने त्यांचा बीएमआय ३३च्या पुढे जातो. ३०च्या वर लठ्ठपणा धरला जातो.

आकड्यांपेक्षा रोजचे हाल मोठे होते. बुटाची नाडी बांधायला खाली वाकता येत नसे. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलटे होऊन, एकेक पायरी हळूहळू उतरावा लागे. थोडे चढले की धाप लागे. बेंबीजवळ हर्निया झाला होता. ऐकूही कमी येऊ लागले होते. त्यांच्या आईवडिलांकडे कोणी लठ्ठ नव्हते, त्यामुळे हे आपल्याच वाट्याला का आले, हेही त्यांना उमगत नव्हते.

त्यांनी आधी काय काय करून पाहिले?

बँटिंग आळशी होते म्हणून जाड झाले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला तेव्हा ते पहाटे उठून दोन दोन तास नाव वल्हवू लागले. अंगात ताकद आली, पण भूकही तेवढीच वाढली आणि वजन चढले. व्यायाम सोडावा लागला. मग घोडेस्वारी, हवापालट, औषधी झऱ्यांचे पाणी, टर्किश बाथ असे सगळे झाले. औषधेही पुष्कळ घेतली. वजन काही हटले नाही.

आज जिमला जाऊन आल्यावर दोन वडापाव खाणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. व्यायाम प्रकृतीसाठी आवश्यकच आहे. पण ताटात बदल न करता केवळ व्यायामाने वजन उतरवणे अवघड जाते, हा अनुभव बँटिंग यांनी तेव्हाच घेतला होता.

कानाच्या डॉक्टरने दिलेला आहार काय होता?

बँटिंग यांना वाट सापडली ती कानाच्या दुखण्यामुळे. ऐकू येईना म्हणून ते लंडनमधील कानाचे शल्यविशारद विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे सतराव्या शतकातील हार्वे वेगळे. या हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या शास्त्रज्ञाची मधुमेह आणि यकृतावरची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते, हे बर्नार यांनी दाखवून दिले होते. पिष्टमय आणि गोड पदार्थांचा शरीरातील चरबीशी संबंध असावा, असा विचार हार्वे यांच्या मनात तेव्हापासून होता. बँटिंग यांना तपासल्यावर, चरबीचा दाब पडल्यामुळे ऐकू कमी येत असावे, असे निदान त्यांनी केले आणि औषधापेक्षा भर दिला तो आहारावर.

तोवर बँटिंग यांचे खाणे असे होते : सकाळी दूध-ब्रेड किंवा भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी लावलेले टोस्ट, दुपारी मांसाबरोबर बिअर, भरपूर ब्रेड आणि पेस्ट्री, संध्याकाळी पुन्हा चहा-ब्रेड, रात्री फळांचा गोड टार्ट.

हार्वे यांनी ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा या सहा गोष्टी शक्य तितक्या बंद केल्या. नवा आहार साधारण असा होता :

- सकाळी : चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा, एक छोटे बिस्कीट किंवा औंसभर कोरडा टोस्ट.
- दुपारी : पाच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, औंसभर कोरडा टोस्ट, थोडे फळ आणि क्लॅरेट, शेरी किंवा मदिरा या वाइनचे दोन-तीन ग्लास.
- संध्याकाळी : थोडे फळ, एखाद-दोन रस्क आणि बिनसाखरेचा चहा.
- रात्री : तीन-चार औंस मांस किंवा मासे आणि क्लॅरेटचे एक-दोन ग्लास.

त्यावर झोपण्यापूर्वी वाटल्यास बिनसाखरेची जिन, व्हिस्की किंवा ब्रँडी पाण्यात घालून घेण्याची मुभा होती. बंदी होती ती शॅम्पेन, पोर्ट आणि बिअरवर. म्हणजे मद्य सरसकट बंद नव्हते आणि सरसकट सुरूही नव्हते. बंदीच्या यादीतील पेये आणि पदार्थ पाहिले की त्यात साखर आणि पिष्टाचेच प्राबल्य दिसते.

वाइन चालते, मग बिअर आणि पोर्ट का नाही?

याचे उत्तर श्रीपूरच्या डिस्टिलरीतही सापडते. मळीत यीस्ट मिसळले की ते साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. द्राक्षाच्या रसाचेही तेच होते. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की तयार होते ती ड्राय वाइन. तिच्यात लिटरमागे साधारण चार ग्रॅमपर्यंतच साखर उरते. क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधील बोर्डो भागाची लाल वाइन. ती याच प्रकारची.

पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया अर्धवट असतानाच ब्रँडी घालून यीस्ट थांबवतात. त्यामुळे बरीच साखर तशीच राहते. त्या काळच्या शॅम्पेनमध्ये वरून भरपूर साखर घालत. बिअरमध्ये धान्यातले काही पिष्टमय घटक उरतातच, शिवाय ती प्यायलीही जास्त जाते.

साखर गेली म्हणजे कॅलरी गेल्या, असे मात्र नाही. एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम अल्कोहोलमधून सात. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर ड्राय वाइनमध्ये अंदाजे १०० ते १२५ कॅलरी असतात. ७५० मिलिलिटरची पूर्ण बाटली म्हणजे ५०० ते ६०० कॅलरी, अर्थात एका जेवणाएवढ्या.

दुसरी गोष्ट यकृताची. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत आधी त्याचा निकाल लावते. तोवर चरबी जाळण्याचे काम मंदावते. तिसरी गोष्ट सोबतच्या बशीची. दारूने भूक चाळवते आणि हात आवरत नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात. ग्लासापेक्षा चकनाच महाग पडतो, तो असा.

वजन किती आणि किती दिवसांत उतरले?

२६ ऑगस्ट १८६२ रोजी बँटिंग २०२ पौंडांचे होते. १२ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांचे वजन १५६ पौंड, म्हणजे जवळपास ७१ किलो भरले. कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला. दर आठवड्याचा हिशेब केला तर हे घटणे ४०० ग्रॅमच्या आतबाहेर होते. महिन्यात दहा किलो, अशी जाहिरात आज जागोजागी दिसते. त्यापुढे हा वेग अगदीच कमी वाटेल. पण वर्षभर तो टिकला.

बँटिंग जिना सरळ उतरू लागले. स्वतःची कामे स्वतः करू लागले. ऐकणेही सुधारले.

मग ते इतके प्रसिद्ध कसे झाले?

१८६३ मध्ये त्यांनी लठ्ठपणावरील पत्र, अशा अर्थाच्या शीर्षकाची छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. आपल्यासारख्या त्रासलेल्यांना वाट दाखवावी, एवढाच हेतू. पहिल्या आवृत्त्या फुकट वाटल्या. मागणी वाढल्यावर ती विकायला काढली आणि नफा धर्मादाय कामांना दिला. ६० हजारांहून अधिक प्रती निघाल्या, इतर युरोपीय भाषांत अनुवाद झाले. बँटिंग हे आडनावच इंग्रजीत डाएट करण्याचा शब्द बनले. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात, ते याच नावावरून.

वैद्यकीय वर्तुळातून टीकाही झाली. अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्याने वैद्यकावर लिहावे, हेच अनेकांना रुचले नाही. काहींनी शास्त्रीय आधार मागितला, आणि तो आक्षेप रास्त होता. एका माणसाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे. हार्वे यांनी पुढे १८७२ मध्ये या विषयावर स्वतःचे पुस्तक लिहिले. कमी पिष्टाच्या आहाराची ही कल्पना नंतर वेगवेगळ्या नावांनी परत येत राहिली. १९७२ मधले अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक आणि आजचा कीटो आहार ही तिचीच पुढची रूपे.

बँटिंग यांचे १६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी निधन झाले.

म्हणजे वाइनने वजन उतरते का?

नाही. बँटिंग यांच्या गोष्टीतला सर्वांत चुकीचा धडा हाच ठरेल. त्यांचे वजन उतरले ते साखर, ब्रेड, पेस्ट्री आणि बिअर गेल्यामुळे, आणि प्रत्येक घास औंसात मोजल्यामुळे. वाइन त्या हिशेबात बसली, एवढेच. ती जेवणाबरोबर होती, ठरलेल्या मापात होती आणि बिअरच्या जागी आली होती. बिअरच्या जोडीला नव्हे.

मापाचाही प्रश्न आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील वाइनच्या ग्लासांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. अठराव्या शतकाच्या आरंभी ग्लासात सरासरी ६६ मिलिलिटर मावत असे. आजच्या ग्लासात ४४९. त्यामुळे जुन्या पुस्तिकेतले दोन-तीन ग्लास आजच्या ग्लासाने मोजले, तर सगळाच हिशेब चुकेल.

शिवाय बँटिंग यांच्या काळी माहीत नसलेली एक गोष्ट आज माहीत आहे. अल्कोहोलचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात होतो. आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मांडली. त्यामुळे न पिणाऱ्याने वजनासाठी किंवा हृदयासाठी वाइन सुरू करण्याचे काहीही कारण नाही. गरोदर महिला, यकृताचे रुग्ण आणि ज्यांना एकावर थांबता येत नाही, त्यांनी तर दूरच राहावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जे घेतात त्यांनी काय लक्षात ठेवावे?

राज्यात वाइन आता पूर्वीसारखी अपरिचित राहिलेली नाही. नाशिकच्या द्राक्षांनी ती घराघरांत चर्चेला आणली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीचा निर्णय घेतला तेव्हा मोठा वादही झाला. वजन कमी करताना जे ती घेणारच आहेत, त्यांच्यासाठी बँटिंग यांच्या वहीतली शिस्त उपयोगी आहे.

- ग्लास डोळ्यांनी नव्हे, मापाने भरा. १५० मिलिलिटर म्हणजे बाटलीचा पाचवा भाग.
- ड्राय निवडा. गोड वाइन, सरबत किंवा सोड्यात मिसळलेली कॉकटेल टाळा.
- जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. फरसाण-चिवड्याऐवजी काकडी, टोमॅटो, मोड आलेली मटकी चालेल.
- त्या दिवशीच्या हिशेबात ग्लासाच्या कॅलरी मोजा आणि तेवढे दुसरे काहीतरी कमी करा. जेवण मात्र गाळू नका.
- रोज नको. आठवड्यातले बहुतेक दिवस कोरडे ठेवा.
- दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. चार आठवडे काटा जागचा हलला नाही, तर सर्वांत आधी ग्लास बंद करून पाहा.

शेवटचा नियम सर्वांत प्रामाणिक. बँटिंग यांनी तारखेनुसार वजनाचे आकडे लिहून ठेवले होते, म्हणून काय लागू पडते आहे ते त्यांना दिसले. वजनकाट्याला साखर आणि वाइन यांतला फरक कळत नाही. त्याला एकूण बेरीज कळते.