पुराव्याची वाट धरणाऱ्या ल्युसी विल्स

काय खावे आणि काय टाळावे, याविषयीच्या सल्ल्यांना आज तोटा नाही. प्रथिनांची भुकटी, शरीर 'शुद्ध' करणारे रस, चमत्कारी बिया, जीवनसत्त्वांच्या रंगीत गोळ्या यांची बाजारपेठ दिवसेंदिवस फोफावत आहे. यातील कोणत्या दाव्याला खरा आधार आहे आणि कोणता केवळ जाहिरातीचा फुगा आहे, हे ठरविणे सुशिक्षित ग्राहकालाही अवघड जाते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच काम मुंबईत बसून चिकाटीने करणाऱ्या एका ब्रिटिश डॉक्टर महिलेचे चरित्र या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. गर्भवतींना आज दिल्या जाणाऱ्या फोलिक ॲसिडच्या गोळीमागचा पहिला धागा त्यांच्याच हाती लागला होता. त्यांचे नाव डॉ. ल्युसी विल्स.

१० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ विल्स यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले, मात्र पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. वडील आणि थोरली बहीण यांच्या निधनानंतर त्या प्रवासाला निघाल्या आणि सिलोनमार्गे दक्षिण आफ्रिकेत पोहोचल्या. तेथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले. केप टाऊनमध्ये काही काळ रुग्णशुश्रूषा केल्यानंतर त्यांनी वैद्यकाची वाट धरली. लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ होते. मात्र दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाची प्रयोगशाळा पसंत केली.

परळमधील संशोधन

१९२८ मध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना भारतात बोलावून घेतले. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची चौकशी करण्याचे काम तेव्हा परळच्या हाफकिन संस्थेत सुरू झाले होते. मुंबईतील अनेक गर्भवतींना, विशेषतः गरीब आणि कष्टकरी वर्गातील स्त्रियांना, तीव्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. त्यातून माता आणि मूल दोघांच्याही जिवावर बेते. याचे कारण कोणालाही ठाऊक नव्हते.

विल्स यांनी कोणतेही उत्तर आधीच गृहीत धरले नाही. जंतुसंसर्गाची शक्यता त्यांनी तपासून पाहिली, परंतु तिला पुष्टी देणारा पुरावा हाती लागला नाही. मग मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांसह त्यांनी रुग्णस्त्रियांचा अभ्यास केला, तसेच मुंबईतील निरनिराळ्या वर्गांतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. १९३० मध्ये हे अभ्यास प्रसिद्ध झाले. गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता. त्यात प्रथिने, फळे आणि भाज्या यांची वानवा होती, आणि रक्तक्षयाचा धोकाही त्यांच्यातच सर्वाधिक दिसला.

एखाद्या उतावळ्या संशोधकाने येथेच निष्कर्ष जाहीर केला असता. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, याची जाणीव विल्स यांना होती. गरीब आहार घेणाऱ्या स्त्रिया कोंदट घरात राहत होत्या, भरपूर कष्टही उपसत होत्या. म्हणून त्यांनी या स्त्रियांच्या आहारासारखाच आहार उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टाळताही आला. मात्र पुढे लक्षात आले की, उवांमार्फत पसरणारा बार्टोनेला हा जंतू उंदरांच्या रक्तक्षयात गुंतलेला आहे. हाती आलेला मनाजोगता निष्कर्ष अशा रीतीने डळमळीत झाला. विल्स यांनी तो रेटून न नेता माकडांवर नव्याने प्रयोग सुरू केले.

मार्माइटचा गुण

माकडांना या रक्तक्षयातून बरे करणारा पदार्थ सापडला तो अगदी साधा आणि स्वस्त. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून बनणारा, पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माइट. त्यानंतर तो रुग्णस्त्रियांना देण्यात आला. अवघ्या काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी वेगाने दिसू लागल्या आणि प्रकृती सुधारली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९३१ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

मार्माइट सर्व रोगांवर गुणकारी आहे, असा दावा मात्र विल्स यांनी केला नाही. त्यांचा प्रश्न होता, यीस्टमधील नेमका कोणता घटक हे काम करतो? यकृताच्या अर्काने एका वेगळ्या प्रकारचा घातक रक्तक्षय आटोक्यात येतो, हे तोवर सिद्ध झाले होते. हाफकिन संस्थेत १९३७-३८ मध्ये पुन्हा काम करताना त्यांना आढळले की, यकृताचा कच्चा अर्क मुंबईच्या रुग्णांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला अर्क पडत नाही. म्हणजेच शुद्धीकरणात गळून जाणारा आणखी एक स्वतंत्र घटक असला पाहिजे. त्याला पुढे 'विल्स फॅक्टर' हे नाव मिळाले.

१९४१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पालकाच्या पानांतून फोलिक ॲसिड वेगळे केले. लॅटिन भाषेत पान या अर्थी असलेल्या शब्दावरून त्याचे नाव पडले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले. या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. विल्स यांनी ज्याचा माग काढला होता, तो हाच पदार्थ.

महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये त्यांनी गर्भवतींना लोह दिल्याने रक्तात किती फरक पडतो, याचा अभ्यास केला. तेथेही लोह दिलेल्या आणि न दिलेल्या स्त्रियांची तुलना करण्यावर त्यांचा भर होता. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत पोषणविषयक काम केले. चेल्सीमध्ये मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्या निवडून आल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

एकच गोळी, निकाल वेगळे

त्यांच्या मृत्यूनंतर फोलिक ॲसिडचे जे झाले, ते आहारविषयक प्रत्येक दाव्याकडे कसे पाहावे याचा उत्तम वस्तुपाठ आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत सात देशांतील १,८१७ स्त्रिया सहभागी होत्या. मज्जारज्जूत जन्मजात दोष असलेल्या अपत्याची गर्भधारणा त्यांना पूर्वी झालेली होती. गर्भधारणेच्या सुमारास फोलिक ॲसिड घेतल्याने तसा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली.

यशाची अशी हवा झाली की इतर दाव्यांनाही पंख फुटतात. रक्तातील होमोसिस्टीन कमी केले की हृदय सुरक्षित, असा तर्क मांडून 'ब' गटातील जीवनसत्त्वांसह फोलिक ॲसिडची भलामण झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत होमोसिस्टीन खरोखरच घटले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. तर्क कितीही सुबक असला तरी रुग्णाच्या शरीराने त्याला होकार दिला नाही.

अपायाची बाजूही आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या व्यक्तीने केवळ फोलिक ॲसिड घेतले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. शाकाहारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एखादे जीवनसत्त्व चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, किती मात्रेत, कशासाठी दिले आणि न दिलेल्यांशी तुलना केली होती काय, हे विचारायला हवे. जाहिरातीत नेमक्या याच प्रश्नांची उत्तरे गाळलेली असतात.

विल्स यांनी हाती घेतलेले काम अजून संपलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त होत्या. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला १८० दिवस देण्यात येणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. या गोळीला आकर्षक वेष्टन नाही की तिची जाहिरात करणारा नट नाही. महागड्या डब्यांवर पैसे खर्चणाऱ्या घरातही ती कित्येकदा कपाटात तशीच पडून राहते. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने फोलिक ॲसिड कधीपासून घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे, कारण मज्जारज्जू घडतो तो पहिल्या काही आठवड्यांतच, अनेकदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी.